मामीचा टोमॅटो आणि खालची हवा

सकाळचा चहा व्हायच्या आत गच्चीवर सिस्टरच्या दोन खेपा झाल्या होत्या. पहिल्या खेपेला ती झाडांना पाणी घालायला गेली. दुसऱ्या खेपेला का गेली, हे तिलाही सांगता आलं नसतं. कुंड्यांतली टोमॅटोची झाडं जिथल्या तिथे होती. रात्रीतून गळालेली फुलं मातीवर पडली होती, तीही तिने आधीच वेचून टाकली होती. तरी ती गेली, झाडांभोवती फिरली, कठड्यावरून रस्ता बघितला आणि खाली आली.

"काय म्हणतायत?" मास्तरांनी वर्तमानपत्रातून मान न काढता विचारलं. मास्तर म्हणजे तिचा नवरा.

"कोण?"

"तुझी माहेरची मंडळी."

तिने कप जरा जोरात ठेवला.

सिस्टर हे तिचं नाव नव्हे, पण वरच्या गावात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. वरचं गाव म्हणजे डोंगरातलं. तिथल्या छोट्या दवाखान्यात तिने सगळी नोकरी काढली. अर्धं गाव तिच्या हातांत जन्मलं होतं, त्यामुळे मीठ आणायला निघाली तरी परतायला दुपार व्हायची. मास्तर तिथल्या शाळेत सुतारकाम शिकवत. लाकडाचा भुसा आणि डोंगरातलं धुकं, दोन्ही वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत साठत गेलं. थंडी पडली की त्यांची छाती रात्रंदिवस शिट्टी वाजवायची. गेल्या हिवाळ्यात तर त्यांना धड आडवंही होता येईना. तेव्हा डॉक्टर सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हाला मी काय सांगायचं? यांना खाली न्या."

खाली त्यांची मुलगी होती. तिने तिच्या घराजवळच तिसऱ्या मजल्यावरची जागा बघून दिली, आणि दोघं उतरून आली.

मास्तर तर पाण्यात साखर विरघळावी तसे विरघळून गेले. इमारतीच्या तळाशी एका शिंप्याचं दुकान होतं आणि दुकानापुढे एक बाक. आठवडा उलटायच्या आत त्या बाकावर त्यांची जागा ठरली, पत्त्यांचा डाव ठरला, आणि शिंपी त्यांना विचारून कात्री चालवायला लागला. सिस्टर मात्र "तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या काकू" होती. ती जिना चढायची, उतरायची, बाजाराला जायची, अर्ध्या रस्त्यातून परत यायची. दाराआड सामानाची खोकी रचलेली होती, ती तिने अजून फोडली नव्हती. मुलगी म्हणायची, "आई, मी येऊन लावून देऊ का?" आणि सिस्टर म्हणायची, "राहू दे, घाई काय आहे."

एकच गोष्ट तिने आल्याआल्या बाहेर काढली होती. इंजेक्शनची रिकामी बाटली, वर रबराचं बूच, आत टोमॅटोचं बी. हे तिच्या मामीचं वाण. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला मामीने वाढवलं. मामीच्या परसात हे टोमॅटो असायचे: मुठीपेक्षा मोठे, गुलाबी, लाल भोपळ्यासारख्या फाका पडलेले, आणि साल इतकी पातळ की बाजारापर्यंतही टिकायची नाही. पान टोमॅटोसारखं कातरलेलं नव्हे, बटाट्यासारखं सपाट आणि रुंद. नवखा माणूस बघून म्हणायचा, परसात बटाटे का लावलेत? मामीकडून ते दोघी बहिणींकडे आलं आणि दर वर्षी त्या बी धरत आल्या.

खाली आल्यावर तिने ते नेहमीसारखं थंडी सरताना पेरलं. पहिली रोपं दमट हवेत मानेशी काळी पडून एकेक करून आडवी झाली. मग रागाच्या भरात तिने अख्खी बाटली मातीवर उपडी केली. त्यातली मोजकी जगली, आणि जगली ती अशी माजली की तिच्या खांद्याला लागली. फुलांचे घोसच्या घोस आले. फळ एकही नाही.

गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात रंगाच्या जुन्या डब्यांत आणखी कुणाची तरी टोमॅटोची झाडं होती. बुटकी, घट्ट, गोल लाल फळांनी लगडलेली. सगळी फळं एका मापाची, साच्यातून काढल्यासारखी. ती दुसऱ्या मजल्यावरच्या फिटरची. फिटर एका कारखान्यातून निवृत्त झालेला, वाळक्या अंगाचा माणूस. मास्तरांच्या पत्त्यांतला भिडू. इतके दिवस त्याने सिस्टरला नुसता नमस्कार केला होता. त्या दिवशी मात्र ती हातात मऊ ब्रश घेऊन फुलांना गुदगुल्या करत असताना त्याला राहवलं नाही.

"वहिनी, एक विचारू? राग मानू नका. हे बी वरचं ना?"

"माझ्या मामीचं. तिच्या सासूपासूनचं."

"आणि पेरलं कधी?"

"थंडी सरताना. नेहमी पेरतो तेव्हाच."

"ते वर," फिटर म्हणाला. "इथे थंडी सरली की भट्टी पेटते. तुम्ही खाली उतरलात, पण तुमचं कॅलेंडर वरच राहिलं."

सिस्टरने ब्रश थांबवला.

"दिवसाचं ऊन झाड सोसतं हो," तो पुढे म्हणाला. "पण फळ धरायला रात्री गारवा लागतो. इथे रात्रसुद्धा उकडते. फुलातली परागाची पूड गचपून बसते, ब्रश फिरवा नाही तर पंखा लावा, सुटत नाही. मग फूल दोन दिवस वाट बघतं आणि देठातून सुटतं. मीसुद्धा सुरुवातीला गावठी लावून लावून थकलो. निम्मी फुलं गाळून मेली आणि निम्मी मर रोगाने. सकाळी झाड हिरवंगार, संध्याकाळी मान टाकलेली. मग मुकाट्याने हे संकरित आणलं. उकाड्यातही धरतं आणि मरीला दाद देत नाही."

"पाकिटातलं बी," सिस्टर म्हणाली. "ना आई ना बाप."

"उलट आहे वहिनी. आई कोण, बाप कोण, हे पक्कं ठाऊक असतं म्हणून तर ते संकरित. तुमच्या मामीच्या टोमॅटोचा मूळ बाप कोण, सांगता येईल?"

तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. "आणि याचं बी धरलं तर?"

"तर पुढच्या वर्षी कुठलं आईवर जाईल, कुठलं बापावर, आणि कुठलं कुठल्या तरी आजोबावर. म्हणून दर वर्षी नवं घ्यायचं."

"आणि चव?"

"असते की. थोडी आंबट."

"आंबट ही चव नाही, तक्रार आहे," असं म्हणून सिस्टरने पाण्याचं भांडं उचललं आणि जिना उतरली. पण त्याचं बोलणं कानातून जाईना. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना तिला एकच दिसत होतं: फूल वाट बघतंय.

तरी त्याचं ऐकलं नाही ते नाहीच. तिने झाडांवर जुन्या चादरीची सावली बांधली. कुंड्यांना ओलं पोतं गुंडाळलं. संध्याकाळी गच्चीची फरशी पाण्याने न्हाऊ घातली, म्हणजे रात्री तेवढीच थंड होईल. पाणी खालून वर न्यायचं, म्हणजे खेपा आणखी वाढल्या. गुडघे बोलायला लागले. मुलगी रागावली. मास्तर म्हणाले, "अगं, टोमॅटो कोपऱ्यावर मिळतात." त्यावर तिने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या दिवशी ते बाकावर लवकर जाऊन बसले.

आणि मग एका सकाळी एका घोसाच्या मुळाशी, सुकलेल्या फुलाच्या आत, तिला हिरवा मणी दिसला. तिने चष्मा पुसून परत बघितलं. बोट लावायची हिंमत होईना. फळ धरलं होतं.

बातमी शिंप्याच्या बाकापर्यंत कधी पोचली कळलं नाही, पण दुपारी पत्त्यांचा अख्खा डाव गच्चीवर आला आणि त्या मण्याला बघून गेला. शिंप्याने तर कुंचीसारखी जाळीची छोटी पिशवी शिवून दिली, पक्ष्यांनी टोचू नये म्हणून. मणी बोराएवढा झाला, मग लिंबाएवढा, आणि त्याच्या अंगावर फाका दिसायला लागल्या. त्या दिवसांत सिस्टर जरा जास्त बोलायची. तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. धाकटी वरच राहत होती, मामीच्याच घरात.

"धरलं गं! एक का होईना, धरलं. तुझे कसे आहेत?"

"चांगले आहेत," धाकटी म्हणाली. आणि घाईने मास्तरांची तब्येत विचारायला लागली.

"काय झालं?"

"ताई, मी यंदा संकरित लावलेत."

"आणि मामीचे?"

"गेल्या खेपेला, तू भावजींच्या आजारपणात गुंतलेली होतीस तेव्हा, करप्याने एकही पिकू दिला नाही गं. पानं काळी, फळं काळी. धुकं उतरलं की उठायचं नाव नाही, आणि मध्येच असा उकाडा, की वाटावं आपण खालीच राहतो. इथेही आता पूर्वीसारखं नाही राहिलं. तुला काय, तू गेलीस निघून."

"बी? जुनं बी असेल ना?"

"जुनं सगळं तूच नेलंस की बाटलीत भरून."

फोन ठेवून सिस्टर उठली. मग गच्चीवर गेली. मग खाली आली. मग परत गेली. बाटली उपडी करणारा हात तिचाच होता. मामीच्या सासूपासून चालत आलेलं ते सगळं आता जाळीच्या एका पिशवीत, एका देठावर लटकत होतं.

जेवायला बसल्यावर तिने मास्तरांना सांगून टाकलं. "तो पिकला की मी वर जाणार. बी तिथेच लावायचं. धाकटीच्या हाती सोडून उपयोग नाही, मी स्वतः राहीन."

"किती दिवस?"

"हंगाम होईपर्यंत. आणि मग पुढच्या हंगामालाही जावं लागेलच."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "म्हणजे तू इथे राहायचीच नाहीस, असं सरळ म्हण की."

"मला इथे काय आहे?" ती एकदम उसळली. "तुमचं बरं आहे. तुम्हाला कुठेही टाका, तुम्ही रुजता. बाक मिळाला, पत्ते मिळाले, झालं. मला विचारलं होतं कुणी? डॉक्टर म्हणाले, लेक म्हणाली, तुम्ही मान हलवलीत. मी खोकी बांधली."

"तू डॉक्टरांसमोर 'हो' म्हणालीस."

"मी सिस्टर म्हणून हो म्हणाले!"

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"जा तू," मास्तर शेवटी हळू आवाजात म्हणाले. "मी अडवत नाही. पण मला चल म्हणू नकोस. मी तिथे येऊन काय करू? खोकू? ज्या हवेत तुझी फुलं गळतात ना, त्या हवेत मला झोप लागते. त्याला मी काय करू, सांग."

तिने ताटं उचलली.

त्यानंतर दोघं एकमेकांशी नको इतक्या नीट बोलायला लागली. "चहा ठेवू का?" "ठेव, तुला सवड असेल तर." मास्तर बाकावरून लवकर परत यायला लागले आणि घरात कुठे बसावं हे न सुचून उभेच राहायला लागले. सिस्टरने दाराआडच्या खोक्यांतलं एक पुढे ओढलं, लोकरीचे कपडे कशात आहेत ते बघायला, आणि तसंच अर्धवट उघडं ठेवलं. गच्चीवर टोमॅटो मुठीएवढा झाला होता. खांद्याशी हिरवा, बुडाशी फिकट. आता काही दिवसांचाच प्रश्न होता.

त्या दुपारी ती बाजारात होती. हवा सकाळपासून कोंडल्यासारखी होती, पान हलत नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "काकू, लवकर घरी जा, हे बरं लक्षण नाही." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत रस्त्याच्या टोकाला आकाश मातकट झालं आणि वारा सुटला. नुसता वारा, त्यात पाण्याचा थेंब नव्हता. दुकानांचे पत्रे थडथडले, कुणाची तरी ताडपत्री रस्त्यावरून पळत गेली, आणि डोळ्यांत धूळ गेली. सिस्टरला पहिली आठवण झाली ती चादरीची. तिने स्वतः कुंड्यांवर बांधलेली चादर. शिडासारखी फुगेल आणि झाडांना मुळासकट ओढेल.

पिशवी छातीशी धरून ती पळाली. या वयात, त्या गुडघ्यांनी, रस्त्यात पळणारी बाई बघून एकदोघांनी "काय झालं?" विचारलं. घराखालचा बाक उलथा पडला होता. शिंपी दुकानाची फळी धरून उभा होता. तो ओरडला, "मास्तर वर गेलेत!"

"कुठे वर?"

त्याने बोट गच्चीकडे केलं.

ती जिन्यात थबकलीच. मास्तर? वर गावात दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना कठड्याला धरून उभा राहणारा माणूस? चार जिने, तेही एका दमात, आणि या धुळीत? टोमॅटो, बी, मामी, सगळं तिच्या मनातून पुसून गेलं. ती चढत गेली ते फक्त कान देऊन: वरून खोकल्याचा आवाज येतोय का.

गच्चीचं दार वाऱ्याने आपटत होतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मास्तर फतकल मारून बसले होते. दोन्ही पायांच्या मध्ये कुंडी, झाडाला दोन्ही हातांनी कवळलेलं, आणि डोक्यावर तीच चादर. बाजूला फिटर पाठीने दुसऱ्या दोन कुंड्या रेटून बसला होता. त्याच्या स्वतःच्या रंगाच्या डब्यांतले तीन डबे गच्चीभर गडगडत होते आणि लाल टोमॅटो फरशीवर इकडून तिकडे धावत होते.

"मोडला गं," तिला बघताच मास्तर म्हणाले. "मी पोचेपर्यंत घोस मोडला होता. पण हा बघ." त्यांनी सदऱ्याच्या खिशाकडे मान वळवली. खिसा फुगला होता.

सिस्टरने खिशाकडे बघितलंही नाही. गुडघे टेकून तिने त्यांचं मनगट पकडलं. नाडी पळत होती, पण नीट, ताल न चुकता. मग तिने त्यांना पुढे वाकवलं आणि धुळीने माखलेल्या सदऱ्यावर, पाठीला कान लावला. फिटर बघतोय याचं तिला भान नव्हतं. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. भराभर, चार जिने चढलेल्या माणसाचा. पण शिट्टी नव्हती. तिने कान डावीकडून उजवीकडे नेला, खाली नेला. कितीतरी हिवाळे तिने ही पाठ अशीच ऐकली होती. कुठल्या कोपऱ्यात काय वाजतं ते तिला पाठ होतं. तिथे काहीच वाजत नव्हतं. आत नुसती हवा होती.

"श्वास घ्या. मोठा."

त्यांनी घेतला.

"परत."

"अगं, किती वेळा?"

"परत!"

ती ऐकत राहिली. वारा पडायला लागला तरी ती कान काढेना. शेवटी फिटर खाकरून म्हणाला, "वहिनी, मी उठू का? पाठ गेली माझी." तेव्हा ती भानावर आली. तिने फिटरच्या गडगडणाऱ्या डब्यांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "तुमची झाडं गेली की हो."

"ती काय, परत येतील," तो म्हणाला. "पाकीट आणलं की झालं."

त्याच्या डब्यांतून घरंगळलेले टोमॅटो दोघांनी मिळून वेचले. फुटके एकीकडे, चांगले एकीकडे.

मामीचा टोमॅटो स्वयंपाकघराच्या खिडकीत पिकला. रोज थोडा थोडा गुलाबी होत गेला. पूर्ण पिकला त्या दिवशी सिस्टरने फिटरला बोलावलं, मुलीला बोलावलं. सुरी तिने स्वतः फिरवली. आत गर होता, पाणी होतं, पण बियांचे कप्पे जवळजवळ मोकळे. इथे चार दाणे, तिथे दोन. उकाड्यात कसंबसं धरलेलं फळ, त्यात बी भरणार कुठून? तिने चमच्याने एकेक दाणा वाटीत काढला आणि मग मीठ लावून फोडी सगळ्यांच्या हातात दिल्या.

मास्तर म्हणाले, "वा! तीच चव."

"खोटं बोलू नका," सिस्टर म्हणाली. तिने फोड परत चावून बघितली. पाणचट होती. गोडी नाही, वास नाही. "मामीचा टोमॅटो हा नव्हेच. वाण तेच, पण चव इथली आहे."

मुलीने बापाकडे बघितलं. फिटरने फोड संपवून बोटं चाटली आणि म्हणाला, "पण साल खरंच पातळ आहे हो."

वाटीतलं बी तिने पाण्यात दोन दिवस आंबवलं, वरचं बुळबुळीत धुऊन काढलं. काही दाणे पाण्यावर तरंगले, ते पोकळ. तळाशी बसले ते बशीत वाळवले. त्यांचे तिने दोन भाग केले. एक कागदात गुंडाळून कपाटात ठेवला, फिटरच्या सांगण्यावरून, उकाडा सरल्यावर पेरायला. दुसरा घेऊन ती वर गेली.

गाडीतून उतरताच गार हवा लागली आणि तिला रडू येईल असं वाटलं. "सिस्टर आल्या!" रस्त्यात माणसं थांबली, हात धरले, मुलं दाखवली. दोन दिवस ती फुलासारखी हलकी होती. तिसऱ्या दिवशी ती आपल्या जुन्या घरावरून गेली, तर तिथे दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. दवाखान्यात नवी मुलगी होती, हुशार होती, आणि तिला सल्ला नको होता. धाकटीच्या परसात प्लॅस्टिकच्या छपराखाली संकरित टोमॅटो ओळीने उभे होते. छपरामुळे पानं ओली होत नव्हती, म्हणून करपा लांब होता. सिस्टरने त्याच छपराखाली एका तबकात बी पेरलं आणि दिवसातून दहादा बघायला जायला लागली.

"ताई, बघून उगवत नाही गं ते," धाकटी म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग बस ना घटकाभर. आल्यापासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरतेयस. भावजींना फोन केलास?"

केला होता. मास्तरांनी उचलला नव्हता, पत्त्यांत असतील. पण तिच्या मनात भलतंच यायचं. खाली असताना जीव वर होता, आता वर आली तर कान खाली लागले होते, एका पाठीवर.

रोपं आली. थोडीच, पण आली. पहिली दोन पानं सगळ्या टोमॅटोंची सारखीच असतात. खरी ओळख पुढच्या पानात. गच्चीवर शेजारीच फिटरची झाडं होती, माशा इकडून तिकडे गेल्या असतील तर? ही धास्ती तिने कुणाला सांगितली नव्हती. ते पान उलगडलं त्या सकाळी ती तबकाशी वाकून बसली. पान सपाट होतं. रुंद, बटाट्यासारखं. एकूण एक. ती मागे टेकून बसली आणि कितीतरी दिवसांनी घटकाभर हलली नाही.

"मी सांभाळीन," धाकटी पाठीमागून म्हणाली. "पण सगळं माझ्या गळ्यात घालू नकोस. तूही येत जा."

"येईन. पण तुझे संकरित उपटू नकोस हं. काय सांगता येतं, यंदा धुकं कसं पडेल."

धाकटी हसली. "हे तू म्हणतेयस?"

खाली परतल्यावर सिस्टर फिटरबरोबर बियाण्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने रंगीत पाकिटं पुढे टाकली आणि सगळीच उत्तम असल्याचं सांगितलं. तिने चष्मा लावला आणि रोग्याची चौकशी करावी तसं सुरू केलं. हे रात्रीच्या उकाड्यात धरतं का? तुम्ही स्वतः बघितलंय? मरीला टिकतं की नुसतं पाकिटावर लिहिलंय? झाड किती वाढतं, की वाढतच जातं? कुंडीत चालेल? फिटर मागे उभा राहून छताकडे बघत होता. दुकानदाराने कपाळ पुसलं आणि आतून तिसरंच एक पाकीट काढून आणलं.

"हे घ्या काकू. फळ लहान आहे, पण या हवेत हमखास."

"सिस्टर म्हणा," ती म्हणाली. "आणि चव?"

"ती खाऊन सांगा."

त्या पाकिटातले टोमॅटो लागले तेव्हा इतके लागले, की घरात संपेनात. साल जाड होती, हे तिने फिटरला रोज ऐकवलं. पण टोपलीत भरून ती मजल्यामजल्यावर दारं वाजवत वाटत फिरली, आणि त्या निमित्ताने कुणाच्या सासूची साखर, कुणाच्या बाळाचा ताप, कुणाच्या टाचेची भेग तिच्यापर्यंत आली. मामीचं बी कपाटातच होतं, उकाडा सरायची वाट बघत. खोकी अजून सगळी उघडली नव्हती. दोन उघडली होती.

मग एका सकाळी धाकटीचा फोन आला. मामीच्या एका झाडावर काळा ठिपका दिसला होता. करपा की आणखी काही, तिला कळत नव्हतं.

"पान तोड, लांब नेऊन जाळ, बाकीच्यांना हात लावू नकोस," सिस्टर म्हणाली. "मी निघते."

मास्तरांनी काही न विचारता माळ्यावरून पिशवी काढली, झटकली आणि लोकरीचा स्वेटर तिच्या हातात दिला. "फुलं असतील का गं आता?"

"फुलं झाली. आता फळं धरली असतील."

बाकाशी थांबून तिने शिंप्याला बजावलं, की मास्तरांना धुळीत बसू देऊ नका. फिटरला पाण्याची वेळ परत एकदा सांगितली. फिटर म्हणाला, "वहिनी, गाडी सुटेल." ती स्थानकावर पोचली तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती, माणसं चढत होती. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन तिने आधी परतीची गाडी कधी असते ते विचारून घेतलं, आणि मग वरचं तिकीट मागितलं.